गाणी काढली तर गोष्ट उरते का? (आवडते संगीतपट)

खर्जातला

आपल्याकडे बिनगाण्याचा सिनेमा शोधावा लागतो. त्यामुळे 'आवडता संगीतपट कोणता' असं विचारलं की लोक आवडती गाणी सांगत सुटतात. इथे ते नको आहे. त्यासाठी वेगळे धागे आहेत, अंताक्षरीचाही एक चालू आहे.

माझी कसोटी सोपी. रिमोट हातात घ्यायचा आणि गाणं आलं की पुढे ढकलायचं. तरीही गोष्ट नीट कळली तर तो गाणी असलेला सिनेमा. 'अरे, हा माणूस असा का वागतोय?' असा प्रश्न पडला तर तो संगीतपट. या कसोटीवर भले भले आपटतात. गाणी अजरामर, पण सिनेमातून उचलून बाजूला ठेवली तरी गोष्टीला ओरखडा उठत नाही.

सुरुवात मी करतो. 'संत तुकाराम', प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. पहिलाच भाग बघा. विष्णुपंत पागनीस 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी' म्हणत बसलेत. आवाजात कसलीही करामत नाही, शब्दांना धक्का न लावता अभंग चाललाय. मग तोच अभंग सालोमालो देवळात स्वतःच्या नावावर खपवतो. आता त्यात मुरक्या आल्या, हातवारे आले, नाटक कंपनीतला नायक पदाला उभा राहावा तसा सगळा थाट आला. शब्द तेच. हा भामटा आणि तो साधू, हे अजून कोणी संवादात सांगितलेलं नाही, पण आपल्या कानाला ते कळलेलं असतं.

पागनीस स्वतः नाटकातून आलेले, स्त्रीभूमिका केलेले गायक नट. सालोमालोची ती गायकी त्यांना काय परकी होती? पण केशवराव भोळ्यांच्या संगीतात त्यांनी ती खुंटीला टांगून ठेवली. ही दोन गाणी पुढे ढकला, मग सालोमालो नुसता एक कारस्थानी बुवा उरतो आणि तुकोबांवर तो एवढा का जळतो, ते कळतच नाही.

तुमचे येऊ द्या. भाषेची अट नाही. नुसती नावं टाकू नका, त्यात मजा नेमकी कशाची येते तेही लिहा.

बे एरियातली मावशी

रुमाल टाकून ठेवते. शनिवारी सवडीने लिहीन.

चहाबाज

मी उलट्या पंथाचा. गाणं लागलं की चहा टाकायला उठतो. दोन माणसं बागेत बोलत उभी आहेत आणि अचानक शंभर व्हायोलिनं वाजायला लागतात, ती कुठून? बरं, गाणं संपलं की बागेतला एकही माणूस वळून बघत नाही. हे ज्यांना खटकत नाही त्यांचा मला हेवा वाटतो.

काडी टाकून झाली. आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.

फडावरची

चहाबाज, तुमच्यासाठीच तमाशापट आहेत. तिथे व्हायोलिनं कुठून आली हा प्रश्नच नाही. ढोलकीवाला समोर बसलाय, तुणतुणं मागे वाजतंय, बाई बोर्डावर उभी आहे आणि समोर पब्लिक फेटे उडवतंय. गाणं हे तिथल्या माणसांचं रोजचं काम आहे. वसंत देसाईंच्या संगीतातला 'लोकशाहीर रामजोशी' १९४७ चा. तिथपासून ही वाट पडली आणि १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने तिचा हमरस्ता केला. 'बुगडी माझी' ठाऊक नाही असा मराठी माणूस दाखवा.

पण खर्जातला यांच्या कसोटीला सगळे तमाशापट उतरत नाहीत, हे मीच सांगते. बऱ्याच ठिकाणी पाटील, सावकार, बैठक, लावणी, परत पाटील असा मामला असतो. लावणी अदलाबदल केली तरी चालेल.

'पिंजरा' (१९७२) मात्र उतरतो. जगदीश खेबुडकरांचे शब्द, राम कदमांचं संगीत. सुरुवातीला गावाला नीतीचे धडे देणारा मास्तर फडाच्या बाहेर असतो. नंतर तो तंबूत शिरतो आणि शेवटी हातात तुणतुणं घेऊन त्याच बोर्डावर, बाईच्या मागे उभा राहतो. डॉ. लागूंचा चेहरा बघा त्या वेळचा. लावणी तीच, ढोलकी तीच, प्रेक्षक तेच शिट्ट्या मारणारे. फक्त मास्तर आता पलीकडच्या बाजूला आहे. त्याची घसरण मोजायला दिग्दर्शकाने गाणीच पट्टी म्हणून वापरली आहेत.

इंग्रजीत बॉब फॉसीच्या 'कॅबरे'ची (१९७२) हीच युक्ती आहे. बर्लिनमधला क्लब, जवळजवळ सगळी गाणी त्याच्या रंगमंचावर आणि बाहेर नाझी वाढत चाललेले. अपवाद एका गाण्याचा. ते उघड्यावर, बिअर प्यायला जमलेल्या साध्या लोकांच्या गर्दीत एक देखणा पोरगा सुरू करतो. गोड चाल. मग कॅमेरा खाली येतो आणि त्याच्या दंडावरची पट्टी दिसते. एकेक जण उठून त्याच्या सुरात सूर मिसळायला लागतो. क्लबच्या चार भिंतींत गाणं गमतीचं होतं, बाहेर पडलं आणि अंगावर आलं. दोन्ही सिनेमे एकाच साली आले, हा योगायोग मला फार आवडतो.

चहाबाज

हे पटलं. 'कॅबरे' बघतो. 'पिंजरा' वडिलांनी लहानपणी बघू दिला नव्हता, आता बघायला हरकत नसावी.

जुनी तबकडी

खर्जातला, एकच पद दोन गळ्यांतून, हा धागा पकडलाच आहात तर 'कट्यार काळजात घुसली' इथे यायलाच हवं. सिनेमाआधी नाटकाबद्दल बोलू द्या. १९६७, नाट्यसंपदा, दारव्हेकर मास्तरांची संहिता, अभिषेकीबुवांचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे.

त्यात 'घेई छंद मकरंद' दोन चालींत येतं. एक पंडितजींच्या घराण्याची, ठाय, एकेका सुरावर रेंगाळणारी. दुसरी खाँसाहेबांची, चपळ, झडप घालणारी. दोन घराण्यांचं वैर हा नाटकाचा विषय. ते वैर कशावरून आहे हे पाच पानांच्या संवादांनी आम्हा अडाण्यांना कळलं नसतं. अभिषेकीबुवांनी एक भुंगा दोन तऱ्हांनी फुलावर बसवून दाखवला, संपला विषय. आमच्या शेजारी बसलेल्या बाईंना रागाचं नावसुद्धा सांगता आलं नसतं, पण दुसरी चाल सुरू झाल्यावर त्या 'हा खाँसाहेबांचा!' म्हणाल्या.

आता सिनेमा (२०१५). सुबोध भावेंचं पहिलं दिग्दर्शन. गाणी उत्तम, याबद्दल वाद नाही. पण पंडितजींचा आवाज जातो तो शेंदरामुळे, आणि तेही खाँसाहेबांच्या बायकोच्या हातून! दोन गायकींच्या झुंजीतून शेंदूर खाऊ घालण्याचं कारस्थान झालं. जी गोष्ट सुरांत घडायला हवी ती वाटीत घडली. खर्जातला यांची कसोटी लावली तर सिनेमातलं ते निर्णायक वळण गाण्याशिवायही कळतं. माझी तक्रार एवढीच.

अनवट

तबकडीकाका, मान राखून असहमत.

नाटक तीन भिंतींत चालतं आणि समोर बसलेला प्रेक्षक दोन अंतऱ्यांच्या मध्ये वाट बघायला तयार असतो. सिनेमाच्या प्रेक्षकाला नाट्यसंगीताची सवयच नव्हती. त्याला आत ओढायला गोष्टीत सरळ धागेदोरे लागतात. शेंदराने ते काम केलं.

आणि गायकीचं वैर सिनेमात आहेच की. पंडितजी म्हणून खुद्द शंकर महादेवन उभे आहेत, स्वतःच्या आवाजात गाताहेत. समोर खाँसाहेब सचिन पिळगावकर, गळा राहुल देशपांडेंचा, म्हणजे आजोबांनी रंगमंचावर गाजवलेल्या जागी नातू. पंडितजींचा शिष्य सदाशिव, त्याच्यासाठी महेश काळे. तीन गळे, तीन वळणं. जुन्या पदांशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी बसवायची म्हणजे शिव्या खाण्याचीच तयारी. तरी 'सूर निरागस हो' आज गणपतीत मंडपामंडपात ऐकू येतं. 'अरुणि किरणी'ला महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे सदाशिव. तो खाँसाहेबांच्या घरात चाकर म्हणून राहतो आणि भिंतीआडून गाणं उचलतो. त्या प्रसंगांत प्रेक्षकही त्याच्याबरोबर ऐकायला शिकतो. आधी आपल्याला फक्त वेग कळतो, मग हळूहळू वळणं. माझी मावसबहीण, जिला तोवर 'खयाल' म्हणजे विचार एवढंच माहीत होतं, ती सिनेमानंतर गाण्याच्या क्लासला जायला लागली आणि अजून जाते.

अवांतर: आमच्याकडच्या एका थेटरवाल्याने मध्यंतर नेमकं तानेच्या मध्ये पाडलं होतं. तान अर्धी, दिवे लागले, समोसेवाला हजर.

जुनी तबकडी

मध्यंतराचा किस्सा ऐकून हसून हसून पुरेवाट. बहिणीचं कौतुक. शेंदराबद्दलचं मत कायम.

गावठी मिर्ची

कट्यारवर वेगळा धागा आहे ना? तिथे चारशे प्रतिसाद झालेत, इथे परत नको. 'शंकराभरणम' (१९८०) कोणी पाहिलाय का? के. विश्वनाथांचा, तेलुगू. भाषा कळत नसताना पाहिला आणि एकदाही सबटायटल्सची आठवण झाली नाही. नायक म्हातारा, शास्त्रीय गाणारा, ताठ. प्रेमकथा नाही, मारामारी नाही. तरीही धो धो चालला. गळा एस. पी. बालसुब्रमण्यम यांचा, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

बे एरियातली मावशी

रुमाल उचलते.

माझा 'द साऊंड ऑफ म्युझिक' (१९६५). हसू नका. डोंगर, पोरं, पडद्याच्या कापडाचे कपडे, सगळं गोग्गोड आहे हे मान्य. आमच्या शाळेत सगळ्यांना रांगेने नेऊन दाखवला होता, तेव्हा मलाही तेवढंच दिसलं होतं. नंतर मुलांबरोबर, मग एकटीने पाहिला, तेव्हा त्याची शिवण दिसायला लागली.

वर एकच गाणं दोन गळ्यांतून असा विषय निघालाय. इथे एकच गाणं, तोच गळा, पण दोनदा. 'एडलवाइस' पहिल्यांदा त्या पोरांचा बाप, कॅप्टन, घरात, गिटार घेऊन, मुलांसमोर गातो. बायको गेल्यापासून त्या घरात गाणं बंद असतं. शिट्टी वाजवून मुलांना हाक मारणारा हा माणूस गातोय, म्हणजे घर परत उघडलं. दुसऱ्यांदा तेच गाणं तो महोत्सवात गातो. आता ऑस्ट्रिया नाझींनी गिळलाय, पहिल्या रांगेत त्यांचे अधिकारी बसलेत आणि हे शेवटचं गाणं झालं की त्याला देश सोडून पळायचंय. मध्येच त्याचा आवाज अडकतो. त्याची नवी बायको मारिया त्याच्या जोडीला उभी राहून सूर सावरते, मग समोरचे लोकही गायला लागतात. एक अक्षर बदललेलं नाही. पहिल्या खेपेला ते फुलाचं गाणं होतं, दुसऱ्या खेपेला देशाचं झालं.

आणि लगेच 'सो लाँग, फेअरवेल'. पहिल्यांदा पार्टीत, पाहुण्यांना हसवायला, पोरं एकेक करून झोपायला जातात. दुसऱ्यांदा त्याच गाण्यावर एकेक करून रंगमंचावरून निघून जातात ती पळण्यासाठी. पहिली खेप पुढे ढकलली असेल तर दुसऱ्या खेपेतली हुशारी कळणारच नाही.

गंमत सांगते. 'एडलवाइस' हे ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत आहे असं कित्येकांना वाटतं. ते रॉजर्स आणि हॅमरस्टाइनने या संगीतिकेसाठी लिहिलेलं आहे, हॅमरस्टाइनचं अखेरचं गीत. १९६० मध्ये तो गेला. सिनेमासाठी दोन नवी गाणी लागली तेव्हा शब्दही रॉजर्सनेच लिहिले. आणि कॅप्टनचा गळा ख्रिस्तोफर प्लमरचा नाही, बिल ली नावाच्या गायकाचा आहे.

खर्जातला

मावशी, आमच्या 'आधी बीज एकले'सारखंच झालं की हे. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला अभंग, पण अनेकांना तो तुकोबांच्या गाथेतलाच वाटतो.

उसन्या गळ्यांचा विषय निघालाच आहे तर 'माय फेअर लेडी'मधली (१९६४) बहुतेक गाणी ऑड्री हेपबर्नची नाहीत, मार्नी निक्सनची आहेत. आणि गोष्टच अशी की एका प्रोफेसरने फुलं विकणाऱ्या पोरीला उच्चार शिकवायचे, म्हणजे तिचा आवाज बदलायचा! शेजारी रेक्स हॅरिसन मात्र धड गात नाही. तो बोलता बोलता सुरात सरकतो आणि परत बोलण्यावर येतो. त्याला आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवणं जमेना, म्हणून टायमध्ये मायक्रोफोन लपवून त्याचं गाणं सेटवरच टिपलं. चहाबाज, तुमच्यासारख्याला हा चालेल. गाणं कधी सुरू झालं ते कळतच नाही, त्यामुळे चहाला उठता येणार नाही.

म्हापशेकार

तुम्हां सगळ्यांचें वाचून बरें वाटलें. आता मराठीतच लिहितो, नाहीतर ओरडाल.

गोव्यातून माझं मत 'नाचुं-या कुंपसार'ला (२०१४, कोंकणी, बार्ड्रॉय बार्रेटो). संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या आयुष्यावर बेतलेली गोष्ट, पडद्यावर नावं बदललेली. पेरीची जुनी गाणी घेऊन त्यांच्यावरच कथा विणली आहे. म्हणजे आधी गाणी होती, मग गोष्ट आली. सहसा उलटं असतं. आमच्या आईच्या पिढीला ही गाणी तोंडपाठ, त्यामुळे थेटरात पडद्यापेक्षा प्रेक्षकांचाच आवाज मोठा.

पण मला त्यात खरी किंमत वाटते ती मागे वाजवणाऱ्यांची. साठच्या दशकातली मुंबई, हॉटेलांतले जॅझ बँड, तिथे ट्रम्पेट-सॅक्सोफोन घेऊन उभे असलेले गोंयकार. हेच लोक दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे. चर्चच्या शाळेत लहानपणी नोटेशन शिकलेले असत, त्यामुळे संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवली की हे वाद्यवृंदाचं सगळं कागदावर उतरवून द्यायचे. शंकर-जयकिशनच्या मागे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट. चहाबाज विचारत होते ना, बागेत व्हायोलिनं कुठून येतात? म्हापसा, मडगाव, साळगाव, तिथून येतात.

कोंकणी सिनेमातही हा वारसा आहे. 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) काढणारे फ्रँक फर्नांड स्वतः मुंबईच्या बँडमधले ट्रम्पेटवाले.

चहाबाज

म्हापशेकार, दंडवत. असं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

अनवट

'अंब्रेलाज ऑफ शेरबूर' (फ्रेंच, १९६४, जाक देमी) कोणीच काढला नाही, म्हणून मी काढते. यात चहाला उठायची सोयच नाही, कारण सगळाच सिनेमा गाण्यात आहे. 'पेट्रोल भरू का?' हेही गाऊन. सुरुवातीलाच गॅरेजमधले मेकॅनिक हात पुसत, घरी जायच्या तयारीत, सुरात गप्पा मारतात आणि त्यातला एक म्हणतो की मला ऑपेरा आवडत नाही, सिनेमा आवडतो. हेही गाऊन!

मिशेल लग्रांचं संगीत. पहिली दहा मिनिटं हसू येतं. मग कान सरावतो आणि शेवटच्या पेट्रोल पंपावरच्या प्रसंगाला रडू येतं. बाहेर बर्फ, एकेकाळचे प्रेमी, दोघांची आपापली लग्नं झालेली, बोलायला काही उरलेलं नाही. गाडीत कुठलं पेट्रोल घालायचं एवढंच विचारलं जातं. तेवढंच, पण त्या चालीत.

पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिला होता. हसणारेही आम्हीच आणि दिवे लागल्यावर नाक पुसणारेही आम्हीच.

ठाकरवाडी

इतके प्रतिसाद झाले आणि 'जैत रे जैत'चं नाव नाही? निषेध!

१९७७. जब्बार पटेल, गोनीदांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ. वरच्या सगळ्या सिनेमांत गाणारा माणूस कोणीतरी गवई आहे, कलावंतीण आहे, संत आहे. इथे आख्खी वाडी गाते. 'आम्ही ठाकर ठाकर' म्हणत कोरस आपली ओळख करून देतो आणि मग गोष्ट सांगत, टोमणे मारत शेवटपर्यंत आपल्याबरोबर चालतो. नाग्याला आणि चिंधीला जे संवादात बोलता येत नाही ते सगळं गाण्यात आहे.

'मी रात टाकली' बघा. चिंधीला नवरा नको आहे. तो सोडून ती नाग्याकडे यायला निघालीय. दुसऱ्या सिनेमात इथे पंचायत बसली असती, सासरे-सुना, रडारड. इथे एक गाणं आणि स्मिता पाटीलची चाल. बाई कात टाकून मोकळी. मागे पुरुषांचा कोरस, पुढे लताबाईंचा आवाज, आणि त्यात ढोल आहे, ज्याच्या पायी ती नाग्यावर भाळली तोच. हे गाणं पुढे ढकलाल तर पुढच्या प्रसंगात चिंधी नाग्याबरोबर काय करतेय ते कळायला सिनेमा मागे घ्यावा लागेल.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही. मधमाश्या आहेत, एवढंच.

गावठी मिर्ची

+१. 'जांभूळपिकल्या झाडाखाली' ऐकून माणूस ती वाट शोधायला निघतो. आम्ही निघालो होतो, कर्नाळ्याला जांभळं मिळाली नाहीत, माकडं मिळाली.

फडावरची

'नटरंग'चं (२०१०) नाव घ्या रे कोणीतरी. गुणा पैलवानी अंगाचा गडी आणि नाच्या होतो. 'खेळ मांडला' आणि 'अप्सरा आली' या दोन गाण्यांच्या मध्ये त्या माणसाचं सगळं आयुष्य आहे. जास्त लिहीत नाही, आनंद यादवांच्या मूळ कादंबरीवर वेगळं लिहायचं मनात आहे.

चहाबाज

मी गाण्यांचा शत्रू, तरी मला एक सुचलंय. खर्जातला, तुमची कसोटी उलटी लावून बघा: गाणी कुठे थांबतात?

'सैराट' (२०१६). अजय-अतुलची चार गाणी, त्यातल्या सुरावटींचं वादन लॉस एंजेलिसला सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून करून घेतलेलं. 'झिंगाट'ला लोक पडद्यापुढे नाचले ते सगळ्यांना आठवतंय. पण चारही गाणी पहिल्या भागातली आहेत. करमाळ्याकडचा तो उजेड, विहीर, केळीची बाग, ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, आणि या सगळ्यावर हॉलिवूडचा वाद्यवृंद. म्हणजे परशा स्वतःला सिनेमाचा हीरो समजतोय, आणि संगीतही त्याला तसंच समजतंय.

मग दोघं पळून हैदराबादला येतात आणि गाणी बंद. झोपडी, डोशाची गाडी, बाटल्यांचा कारखाना, संशय, भांडण. एकही गाणं नाही. थेटरात माझ्या मागची पोरं आता येईल, मग येईल म्हणून गाण्याची वाट बघत होती. आलं नाही. आणि अखेरच्या मिनिटांत तर आवाजच काढून घेतलाय, लहान पोराच्या रडण्याचासुद्धा.

आता तुमचा रिमोट चालवा. पहिल्या भागातली गाणी पुढे ढकलली तर दुसऱ्या भागातला तो शुकशुकाट ऐकूच येणार नाही. मग 'सैराट' संगीतपट का नाही?

जुनी तबकडी

चहाबाज, चहा सोडा आणि लिहायला लागा.

मी अजय-अतुलचा चाहता नाही, पण हा मुद्दा बिनतोड आहे. नाटकात हे करता येत नव्हतं. संगीत नाटकाला लोक पदं ऐकायला यायचे. दोन अंक पदांचे आणि एक अंक कोरडा असा खेळ लावला असता तर तिकीट खिडकीवर पैसे परत मागितले असते. त्यात वन्स मोअर! नायिका मरायला टेकलेली आणि प्रेक्षक तिला परत गायला लावणार. ती बिचारी उठून गाणार, मग मरणार. सिनेमाने निदान ती फर्माईश बंद केली.

खर्जातला

चहाबाज, 'सैराट' यादीत घेतला. कसोटी लावताना मी फक्त गाण्यापाशी रिमोट दाबत होतो, हे गाण्यानंतरचं तुम्ही दाखवलंत.

याच घरातला आणखी एक: 'कुंकू' (१९३७). पुन्हा प्रभात, पुन्हा केशवराव भोळे, दिग्दर्शन शांतारामबापूंचं. तरुण नीराचं म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावतात आणि ती त्याला नवरा मानायला नकार देते, एवढी कथा. या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं: घड्याळाची टिकटिक, भांडी, पावलं. त्यामुळे शांता आपटे गायला लागते तेव्हा ते बाहेरून आणून लावलेलं वाटत नाही. आणि एका ठिकाणी तर ती चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. १९३७ सालच्या मराठी घरात, नवऱ्याच्या छाताडावर बसून इंग्रजी गाणं! तिचं बंड त्या वाड्यात फारसं कोणाला कळत नाही, तसंच हे गाणंही.

बे एरियातली मावशी

लाँगफेलो? चाल कसली आहे? आणि कुठे बघायला मिळेल? इथल्या मराठी मंडळात दाखवायचा विचार आहे, पण मुलांना जुना आवाज झेपेल का?

खर्जातला

चाल आपलीच, शब्द त्याचे. यूट्यूबवर शोधा. 'दुनिया ना माने' ही त्याचीच हिंदी आवृत्ती, मुलांना कदाचित ती सोपी जाईल. खरखर बरीच आहे, तेव्हा मंडळात दाखवणार असाल तर स्पीकर आधी तपासून घ्या. नाहीतर घड्याळाची टिकटिक ऐकूच येणार नाही, नुसती हिस्स ऐकू येईल. आणि भिकाऱ्याचं 'मन सुद्ध तुझं' आलं की मागच्या रांगेतल्या आज्यांना गाऊ द्या, थांबवू नका.

बे एरियातली मावशी

आमच्याकडे आज्या पहिल्या रांगेत बसतात हो. मागची रांग आजोबांची, तिथून घोरणं येतं.

म्हापशेकार

'माणूस'ही (१९३९) दाखवा त्याच वेळी. 'कशाला उद्याची बात' मध्ये गणिकेच्या भूमिकेतली शांता हुबळीकर एकेक कडवं वेगवेगळ्या भाषेत गाते. गिऱ्हाईक जसं, तशी भाषा. मास्तर कृष्णरावांनी चालही दर वेळी त्या त्या प्रांताच्या वळणाची घेतलीय. मंडळात बंगाली-तमिळ सुना-जावई असतील तर त्यांचीही सोय होईल.